मुरूड ते हिंगणे : अण्णा कर्व्यांच्या घरच्या वाटा

पहिला दिवस : पुणे ते मुरूड

ताम्हिणी उतरून माणगावच्या दिशेने लागलो तेव्हा भातं कापून झाली होती. खाचरांत उडव्या रचलेल्या, मधूनच एखाद्या अंगणात झोडणी चाललेली. आई पुढच्या सीटवर बसून मांडीवरचा चिवड्याचा डबा सांभाळत होती. वय ऐंशीच्या पुढे, जिना उतरताना गुडघे कुरकुरतात, पण या प्रवासाचा हट्ट तिचाच. "अण्णांचं गाव बघायचं राहिलंय," असं ती दर दिवाळीनंतर म्हणायची. या वर्षी मी शाळेला सुट्टी टाकली आणि निघालो.

अण्णा म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. आई १९५६ साली पुण्याजवळच्या हिंगण्याला, अण्णांनी विधवा आणि निराधार मुलींसाठी काढलेल्या आश्रमात शिकायला आली. तिला वडील नव्हते, मामाने आणून सोडलं. अण्णा तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षांचे होते. मुलींच्या रांगेतून दुरून पाहिलेले, तेवढीच तिची ओळख. पण ती 'अण्णा' म्हणते ते घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसं. महर्षी हा शब्द तिच्या तोंडून मी फारसा ऐकलेला नाही.

मला मात्र त्यांच्याबद्दल एक प्रश्न लहानपणापासून आहे. शाळेतल्या भाषणांत आम्ही ठोकून द्यायचो की अण्णांनी संसारावर तुळशीपत्र ठेवलं. पण त्यांनी संसार सोडला कुठे होता? पहिली पत्नी राधाबाई, दुसरी आनंदीबाई, चार मुलगे, सुना, नातवंडं. १८ एप्रिल १८५८ ते ९ नोव्हेंबर १९६२ असं एकशे चार वर्षांचं आयुष्य, आणि त्यातला फार मोठा काळ ते कुणाचे तरी नवरे आणि कुणाचे तरी वडील होते. संस्थांच्या सनावळीत हा माणूस हरवतो. तो गावांच्या वाटेवर भेटतो का ते मला पाहायचं होतं.

आंबेतला सावित्रीची खाडी ओलांडली, मंडणगडचा चढ चढलो. दापोलीत हवा एकदम गार झाली. चहा घेऊन मुरूडकडे उतरायला लागलो, तर वळणावर हर्णैच्या बाजूचा समुद्र दिसला आणि आई गप्प झाली. तिला समुद्राची सवय नाही, ती घाटावरची.

मुरुडात एका घरगुती खानावळीत उतरलो. मालकीणबाईंनी आईला आधी गरम पाणी आणि मग खुर्ची दिली, नाव नंतर विचारलं. रात्री तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, डाळिंब्यांची उसळ, वर सोलकढी. "पुण्याहून कर्व्यांसाठी आलात? बहुतेक लोक डॉल्फिन बघायला येतात," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं.

दुसरा दिवस : मुरूड

सकाळी पाखाडीने चालत निघालो. मुरूडची आखणी बघण्यासारखी आहे. मधून सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, घरामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. वाड्यांत सावली इतकी दाट की नऊ वाजले तरी ऊन जमिनीला टेकत नाही. पोफळींखाली गळलेल्या झावळ्या एकीकडे ओढून ठेवलेल्या, अंगणात सुपारी वाळत घातलेली. ज्या घरात अण्णा वाढले ते खाऊनपिऊन सुखी म्हणावं असं नव्हतं. वडील केशवपंत कारकुनी कामावर, मिळकत बेताची. जन्म इथला नाही, आजोळचा. ते आजोळ म्हणजे शेरवली, खेड तालुक्यातलं. पण बालपण, मुंज, मराठी शाळा सगळं मुरुडातच.

दुर्गादेवीच्या देवळात आम्ही बराच वेळ बसलो. लाकडी खांबांवरची नक्षी हाताने चाचपून बघावी अशी. गावातले सोमण मास्तर, विनायक लक्ष्मण सोमण, यांच्या सांगण्यावरून लहानगा धोंडू इथेच गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या वयात पोरं वाडीत रहाटाभोवती खेळतात, त्या वयात चार मोठी माणसं आपलं ऐकायला बसतात आणि त्यांना जगाची बातमी आपण द्यायची असते, ही सवय लागली की माणूस पुढे दारोदार जायला लाजत नाही.

गावाशी त्यांनी नातं राखलं होतं. मुंबईला शिकायला आणि नोकरीला गेल्यावर, १८८६ साली, त्यांनी मुंबईतल्या मुरुडकरांना जमवून 'मुरूड फंड' सुरू केला. ज्याने त्याने आपल्या मिळकतीतला थोडा भाग गावाच्या कामासाठी बाजूला काढायचा. स्वतःचा संसार तेव्हा शिकवण्यांवर चाललेला. १८८४ मध्ये गणित घेऊन बी.ए. झाले होते, शाळांतून तासिका घ्यायचे, पहाटे अंधारात उठून शिकवणीला निघायचे. राधाबाई मुलाला, रघुनाथला, घेऊन मुंबईला आल्या होत्या. नवरा त्यांना घरीच लिहायला-वाचायला शिकवायचा. १८९१ मध्ये त्या गेल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता.

पुढची हकीगत आईने देवळातच, पायरीवर पाय सोडून बसून सांगितली. तिला ती पाठ आहे, आश्रमातल्या सगळ्याच मुलींना असायची. बायको गेल्यावर अण्णांना स्थळं येऊ लागली. तिशी ओलांडलेल्या, कमावत्या विधुराला दहा-बारा वर्षांची कुमारिका सहज मिळत असे, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. त्यांनी ठरवलं की करीन तर विधवेशीच करीन. मुंबईतले त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी, देवरुखचे. दोघांची बिऱ्हाडं एकत्र असायची. नरहरपंतांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन थोड्याच महिन्यांत विधवा झालेली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न झालं आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना 'बाया' म्हणू लागले.

"आणि मग ही दोघं इथे आली," आई म्हणाली.

इथे आली, म्हणजे सुट्टीत आपल्या घरी आली, जसे सगळे चाकरमानी येतात. गावाने बैठक भरवली. कर्वे ज्या बैठकीला असतील तिथे कुणी बसायचं नाही. आईने किंवा भावाने त्यांना घरात घेतलं तर ते घरही वाळीत. थोरले भाऊ भिकाजीपंत, बहीण, म्हातारी आई. ज्यांच्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षं पैसे पाठवत आला, त्यांच्याच घराचा उंबरा त्याला ओलांडता येईना. आणि त्यांच्या भल्यासाठीच त्याने तो ओलांडायचा नाही असं ठरवावं लागलं.

मी वाळीत टाकण्याबद्दल पुस्तकांतून वाचलं होतं. पण या पाखाडीवर उभं राहिलं की त्याचा अर्थ कळतो. इथे घर घराला लागून आहे, एका विहिरीवर चार वाड्या, एका देवळात सगळं गाव. कुणाला चुकवून चालणं शक्यच नाही. नवी सून म्हणून आलेल्या त्या बाईला किती डोळ्यांसमोरून जावं लागलं असेल! तिने हे आयुष्यात दुसऱ्यांदा भोगलं, एकदा विधवा म्हणून, एकदा सवाष्ण झाली म्हणून.

आज गावात अण्णांचा पुतळा आहे. आईने त्याला जास्वंदीचं फूल वाहिलं, वाडीतल्या एका मुलीने तोडून दिलेलं. मुलगी सातवीत शिकते. कर्वे कोण होते असं आईने विचारल्यावर तिने "स्त्रीशिक्षण" असं एका शब्दात उत्तर दिलं आणि पळाली. आई म्हणाली, "बरोबर आहे की!"

दुपारनंतर समुद्रावर गेलो. त्याबद्दल फार लिहीत नाही. वाळू, घोडागाड्या, स्पीडबोटी, सूर्यास्त, सगळं जसं असतं तसं.

तिसरा दिवस : दापोली, चिपळूण, कुंभार्ली, सातारा

हा दिवस मी मुद्दाम आखला होता. सप्टेंबर १८७५ मध्ये सतरा वर्षांचा धोंडू आणि त्याचे सोबती सहावीच्या परीक्षेला साताऱ्याला निघाले. मुरूड ते सातारा, सुमारे ११० मैल, पायी, चार दिवसांत, पावसात, सह्याद्री चढून. आपल्याकडे मुलांना ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगतात. मला त्यात घर दिसतं. सहावी पास झाला की सरकारी मास्तरकी मिळायची, आणि ओढगस्तीच्या घरात महिन्याला बांधलेला पगार येणं म्हणजे काय, हे त्या मुलाला ठाऊक होतं.

आम्ही दापोलीहून खेड, परशुराम घाट, चिपळूण असे आलो आणि चिपळूणहून कुंभार्ली घाटाला लागलो. पोफळी मागे पडल्यावर चढ सुरू झाला. पावसाळा संपून महिना-दीड महिना झाला तरी कडे हिरवे होते, कुठे कुठे पाण्याची बारीक धार अजून लोंबत होती. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. एका वळणावर थांबून खाली पाहिलं तर कोकण धुक्याच्या पट्ट्याखाली गेलेलं. आईने शाल घेतली आणि विचारलं, "त्यांच्या पायात काय असेल गं? वहाणा तरी असतील का?" मला सांगता आलं नाही.

घाटमाथ्यावर हेळवाक, मग कोयनेच्या काठाकाठाने पाटण. हा आईचा मुलूख. पाटणच्या एसटी स्टँडसमोर चहा घेतला. तिच्या मामाने तिला याच रस्त्याने पुण्याला नेलं होतं, पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी घेऊन. "मामा रस्ताभर बोलला नाही. मला वाटलं, मी नकोशी झाले. पुण्यात आश्रमाच्या दारात रडायला लागला, तेव्हा कळलं," ती म्हणाली. हे तिने मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. तिला आणखी काही विचारावं असं वाटत होतं, पण तिनेच विषय बदलून पाटणला पूर्वी पेढे चांगले मिळायचे असं काहीतरी काढलं.

साताऱ्याला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. अजिंक्यताऱ्यावर शेवटचं ऊन होतं. त्या मुलाचं इथे काय झालं, तर परीक्षेला बसू द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीने त्याला बघितलं आणि हा सतरा वर्षांचा दिसतच नाही म्हणून परत पाठवलं. अंगकाठी लहान, चेहरा पोरगेला. दाखला होता, पण समितीच्या डोळ्यांना तो पटला नाही. चार दिवस चालून आलेला मुलगा परीक्षा न देता माघारी फिरला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा पास झाला.

त्या परतीच्या प्रवासाचं मला फार वाटतं. जाताना निदान आशा सोबतीला होती. येताना तोच घाट उतरायचा आणि घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव करायची. अण्णांनी आत्मवृत्तात स्वतःच्या दुःखांचं भांडवल कधी केलेलं नाही. त्यांची मराठी हिशेबाच्या वहीसारखी सरळ आहे, आणि ती वाचताना अधूनमधून आपल्यालाच थांबावं लागतं.

चौथा दिवस : सातारा ते पुणे

महामार्ग, खंबाटकी, टोलनाके. आई झोपली होती.

दुपारी फर्ग्युसनच्या आवारात गेलो. राधाबाई गेल्या त्याच वर्षी, १८९१ च्या अखेरीला, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा इथे गणित शिकवायला आले आणि १९१४ पर्यंत राहिले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य, महिना ७५ रुपये. या ७५ रुपयांत एक घर चालायचं, आणि बाहेरच्या मुली घरात यायच्या त्यांचंही त्यातच भागायचं. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली तेव्हा अण्णांनी आपल्या शिलकीतले १००० रुपये तिला देऊन टाकले. प्राध्यापकाच्या त्या पगारातून हजाराची शिल्लक पडायला घरात किती काटकसर झाली असेल याचा हिशेब मी आईबरोबर बाकावर बसून करून पाहिला. आईने सगळा जन्म घरखर्चाची वही ठेवली आहे. ती म्हणाली, "शिल्लक पुरुषाच्या नावावर असते, टाकते बाईच."

आणि इथे बायांबद्दल लिहायलाच हवं. 'माझे पुराण' हे त्यांचं आत्मकथन १९४४ मध्ये निघालं, सून कावेरीबाईंनी संपादित केलेलं. ते वाचल्याशिवाय अण्णांच्या संसाराबद्दल कुणी बोलू नये असं माझं मत आहे. घरात पैसा टिकत नाही, मिळेल तो संस्थेकडे जातो, विम्याचे पैसेही संस्थेच्या नावे केले, मग मुलांचं काय, हे त्यांनी नवऱ्याला तोंडावर विचारलं आणि नंतर लिहूनही ठेवलं. विचारून गप्प बसल्या नाहीत. सुईणीचं शिक्षण घेतलं, चार पैसे मिळवले, घरात माणसं ठेवून घेतली, आणि संस्थेसाठी वर्गणीही गोळा केली. नवऱ्याचं काम त्यांना पटत नव्हतं असं मुळीच नाही. त्या स्वतःच त्या कामाचं कारण होत्या. पण घर उघडं टाकून ते करायचं नाही, एवढं त्यांचं म्हणणं होतं.

थोरली सून नव्हे, पण कर्व्यांच्या घरातली सर्वांत प्रसिद्ध सून इरावतीबाई, दिनकररावांच्या पत्नी. त्यांनीही सासऱ्यांवर लिहिलं आहे. अशा माणसाची सून होणं हे भाग्य, आणि त्याची बायको नाही झाले हे त्याहून मोठं भाग्य, असा त्यांच्या लिहिण्याचा मथितार्थ आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती हसली, आणि मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुझे बाबा संध्याकाळी सहाला घरी असायचे. एक दिवस चुकले नाहीत. त्यांचा पुतळा कुणी उभारणार नाही." बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल तिने प्रवासात काढलेला हा पहिलाच शब्द.

पाचवा दिवस : हिंगणे

सकाळी आईला रिक्षाने पाठवलं आणि मी फर्ग्युसनहून पायी निघाले. डेक्कन, मग कर्वे रस्ता, डोक्यावरून मेट्रो, खाली हॉर्न. कोथरूडला कर्व्यांचा पुतळा, तिथून डावीकडे कर्वेनगर. अंतर आज काहीच नाही. १९०० साली इथे वस्ती नव्हती, रस्ता नव्हता, शेतं आणि दगड होते. पुण्यात प्लेगची साथ, शहरात मुलींना ठेवणं धोक्याचं झालं, म्हणून रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जमिनीवर झोपडी बांधून आश्रम तिथे नेला. कॉलेजचे तास संपले की अण्णा आश्रमाला लागणारं सामान खांद्यावर टाकून चालत हिंगण्याला जायचे, मुलींना शिकवायचे, आणि पुन्हा कॉलेजला यायचे. पावसाळ्यात चिखल, रात्री अंधार. हे एखादा आठवडा नव्हे, वर्षानुवर्षं.

चालता चालता मला जाणवलं की या वाटेवरच माझ्या प्रश्नाचं उत्तर असणार. वाटेच्या एका टोकाला बाया आणि मुलं, दुसऱ्या टोकाला ज्यांना कुणीच उरलं नाही अशा मुली. त्यातली एक तर घरचीच होती. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, विधवा, पदरी एक मुलगा, आश्रमात आली, शिकली, आणि पुढे आश्रमासाठी निधी जमवत गावोगाव हिंडली, अमेरिकेपर्यंत पोहोचली. म्हणजे मेहुणीलाही त्यांनी घरात आश्रिताची जागा न देता काम दिलं. घर आणि संस्था यांच्यामध्ये अण्णांनी भिंत बांधलीच नाही. त्याचा फायदा हजारो मुलींना झाला, माझ्या आईला झाला, आणि त्याची किंमत चौघा मुलांनी आणि एका बाईने मोजली. दोन्ही खरं आहे आणि मी दोन्ही धरून चालणार आहे.

मुलांनी वडिलांवर राग धरला असता तर नवल नव्हतं. पण त्या घरातून निघालेली माणसं पाहा. रघुनाथ १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला, गणिताचा प्राध्यापक झाला, आणि संततिनियमनाच्या प्रचारासाठी नोकरी सोडून आयुष्यभर एकटा झुंजला. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेला. दिनकर रसायनशास्त्राचा प्राध्यापक, फर्ग्युसनचा प्राचार्य. भास्कर आणि कावेरीबाई हिंगण्याच्याच कामात राहिले. मुलांना त्यांनी ठेव ठेवली नाही. आपल्याला पटेल ते करायची मोकळीक मात्र दिली, आणि त्या काळातल्या किती घरांत ती होती?

आई फाटकाशी बाकावर बसून माझी वाट पाहत होती. आता इथे शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं, इंजिनिअरिंगच्या मुलींच्या स्कूटर. एका वसतिगृहाला बायांचं नाव आहे. पहिल्या झोपडीची आठवण संस्थेने जपलेली आहे. आईने आपली खोली कुठे होती ते शोधायचा प्रयत्न केला. इमारती बदलल्यात, पण चिंचेखालची एक जागा तिला ओळखता आली, असं ती ठामपणे म्हणाली आणि मी मान्य केलं.

तिथेच बसून तिने १९५८ ची आठवण सांगितली. त्या वर्षी अण्णांना शंभर वर्षं पूर्ण झाली. भारतरत्न मिळालं, पोस्टाचं तिकीट निघालं, मुंबईत ब्रेबोर्न स्टेडियमवर सत्कार झाला, पंडित नेहरू आले. आश्रमात गोडधोड होतं. मुलींना वाटलं, आता अण्णा मोठ्या बंगल्यात जातील. तसं काही झालं नाही.

मला त्या शंभराव्या वाढदिवसाचा विचार करताना दुसरंच आठवतं. बाया १९५० मध्ये गेल्या होत्या. सत्तावन्न वर्षांचा संसार. तीन वर्षांनी, १९५३ मध्ये, रघुनाथ गेला. राधाबाईंचा मुलगा, मुंबईच्या त्या पहिल्या बिऱ्हाडातला. बाप तेव्हा पंच्याण्णव वर्षांचा. इतकं लांब आयुष्य मिळणं म्हणजे आपली माणसं एकेक करून पुढे गेलेली बघणं. स्टेडियमवर हजारो लोक होते, पण मुरूडच्या वाडीतला, राधाबाईंना अक्षरं शिकवणारा धोंडू ज्यांनी पाहिला होता, असं कोण उरलं असेल?

तरी त्यांनी शेवटपर्यंत नवी कामं सुरू करणं सोडलं नाही. एकाहत्तराव्या वर्षी युरोप-अमेरिका-जपान, बर्लिनला आइन्स्टाइनची भेट. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या शाळांसाठी मंडळ काढून पुन्हा दारोदार पैसा-पैसा गोळा केला. १९४४ मध्ये समता संघ. महिला विद्यापीठ १९१६ मध्ये काढलं तेव्हाच वय अठ्ठावन्न होतं, म्हणजे आज आपण ज्या वयात निवृत्तीचे कागद तयार करतो ते. विठ्ठलदास ठाकरसींनी त्या विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली. पण हिंगण्यात मला त्या १५ लाखांपेक्षा भाऊबीज निधीचं मोल जास्त वाटलं. दिवाळीत संस्थेच्या बायका घरोघर जाऊन भाऊबीज मागतात, पाच-दहा रुपये देणाऱ्यालाही पावती मिळते. आमच्या घरी बाबांनी ती दर वर्षी घातली. ज्या मुलींना माहेर नव्हतं त्यांना या निधीने महाराष्ट्रभर भाऊ मिळवून दिले.

कार्यालयात आईने या वर्षीची भाऊबीज भरली. बाबा गेल्यापासून ती राहिली होती, मागच्या वर्षाचीही धरून दिली. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं तेव्हा आईने बाबांचंच नाव सांगितलं.

दुपारी जेवताना पुढचं ठरलं. मुरूड झालं, सातारा झालं, हिंगणे झालं. देवरुख राहिलं, बायांचं माहेर. जानेवारीत थंडी असताना जायचं, संगमेश्वरवरून. आईने विचारलं, रेल्वेने गेलं तर संगमेश्वर रोडला उतरून पुढे एसटी मिळते ना? मिळते म्हटलं. मग ती तिकिटांचं आत्ताच बघ म्हणून मागे लागली आहे.